नापास राजे

अमरावती
२७ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. दामिनीस,
तुझ्या आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुम्ही दोघंही बरे असाल असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवली नाहीस. फोन वाजून वाजून बंद होतो. म्हणून पत्र. पत्र बिचारं वाजत नाही, टेबलावर पडून राहतं, आणि कधी ना कधी माणूस ते उघडतोच. पत्रास कारण की... ते मी सावकाश सांगणार आहे. मधूनच फाडू नकोस.

थंडी अजून नाही. दिवाळीत पाऊस येऊन गेला, तेल्हाऱ्याला माझ्या माहेरचा वेचायला आलेला कापूस भिजला. शेजारच्या वच्छलाबाईंनी गुडघा बदलून घेतला. आता मलाही म्हणतात, तूही बदलून टाक, जशी काही साडीच आहे. मी शुद्ध लिहायचा प्रयत्न करते आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मास्तराच्या बायकोला तेवढं जमायला पाहिजे. पण राग आला की माझ्यातलं तेल्हारा बाहेर येते, ते चालवून घे.

अद्वैतराव आले होते तेव्हा त्यांच्या हाती तुमच्यापुरत्या केलेल्या फराळाचा डबा दिला होता. तो परत आला. घासलेला, पुसलेला आणि रिकामा. आपल्यात कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी टाकतात, हे तुला मीच शिकवलं होतं. तेव्हा हे विसरून झालेलं नाही, एवढं मला कळतं. तरी मी झाकण काढून आत हात घालून पाहिला. वेडीच मी.

तुझा राग माझ्यावर नाही, बाबांवर आहे, असं अद्वैतराव म्हणाले. तुझा निरोपही सांगितला, ‘बाबांना म्हणावं नाणी पुसत बसा, माझ्याकडे येऊ नका.’ मी तो त्यांना सांगणार नव्हते. पण आपलं घर लहान आणि जावयांचा आवाज मोठा. आतल्या खोलीत ऐकू गेलं. त्या दिवशी ते जेवायला बसले नाहीत.

त्या दिवशी दवाखान्यात काय झालं ते मी पुन्हा लिहिणार नव्हते. पण आता टाळून भागणार नाही. तुझ्या बाळाच्या काचेच्या पेटीवर चिठ्ठी होती, ‘बेबी ऑफ दामिनी’. सगळं संपल्यावर तू म्हणालीस, कागदावर तिचं नाव लिहा. टेबलावरचा माणूस म्हणाला, बारसं झालं नसलं तर असंच लिहितात. तू बाबांकडे वळलीस. ‘बाबा, तुमी सांगा ना याले.’ आणि बाबा एक शब्द न बोलता जिना उतरले, ऑटोत बसले आणि घरी आले. मूर्तिजापूरला तुमच्या वावरात, लिंबाखाली तिला ठेवायला अद्वैतराव गेले, तुझे सासरे गेले. सख्खा आजा गेला नाही. आपण दोघी घरी आलो तेव्हा ते नाण्यांची पेटी उघडून बसले होते. तू बॅग भरलीस. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक सव्वा महिना व्हायच्या आत अकोल्याला सासरी निघून गेली.

मी तुला अडवलं नाही, कारण तेव्हा तुला जे वाटलं तेच मला वाटलं होतं.

ते नापास राजे! हे नाव तूच ठेवलंस, सातवीत असताना. लोक अकबराचे, शिवरायांचे नाणे शोधतात. आमच्या गुरुजींना कोण पाहिजेत, तर रोमचे असे बादशहा, की बूड टेकवून बसतात न बसतात तोच कोणी तरी कापले. कोणी वर्ष, कोणी तीन महिने, कोणी तेही नाही. काळपट हिरवी, बोटाच्या पेराएवढी ब्राँझची नाणी. एकावर बाप आणि त्याचं पोरगं समोरासमोर तोंड करून होते. तू म्हणायचीस, हे आता टक्कर मारतात पाहा. धामणगावच्या शाळेत इतिहास शिकवून, रोज आगगाडीने जाऊन-येऊन उरायचं ते काय! त्यातून वर्षा-दोन वर्षांत एखादं नाणं यायचं. मी विचारलं, असलेच काहून घेता, तर ठरलेलं उत्तर. ‘थोड्या दिवसाचा राजा स्वस्त मिळते.’ मी मान डोलवायची. आता कळलं की ते साफ खोटं होतं. ज्याने थोडे दिवस राज्य केलं त्याची नाणीही थोडीच पडली, म्हणून तो महाग असतो. हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि मी म्हणे घरातली हिशेबी बाई.

आता लक्ष्मीपूजनाच्या दिवशीचं ऐक.

यंदा घरात दिवाळी नव्हती. सुतकही नव्हतं आणि सणही नव्हता. पण लक्ष्मीपुढे ताम्हणात जुने रुपये आणि तांब्याचे पैसे ठेवायचे असतात, तेवढं तरी करावं म्हटलं. बाबा झेंडू आणायला गेले होते. मी पैसे चिंचेच्या कोळात टाकले आणि ते भिजेपर्यंत कपाट पुसायला घेतलं, तर समोर ती पेटी. मनात आलं, लक्ष्मीच्या दिवशी एवढे राजे घरात काळ्या तोंडाने बसले आहेत. सगळे काढले. चिंच, मीठ, पितांबरी, आणि वरून नारळाची शेंडी. आपल्या हातचं तांबं-पितळ कसं निघतं तुला माहीतच आहे. आणि खरं सांगू का दामू, हाताला राग होता माझ्या. या पेटीपायी माझी पोर गेली, असं म्हणत म्हणत घासत होते.

ते आले तेव्हा टॉवेलवर सगळे राजे उन्हात मांडलेले. तांबडे लाल, नवेकोरे. मी म्हटलं, ‘पाहा, कसे चमकून राहिले तुमचे राजे!’

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. भांडायची माझी तयारी होती. हातातला झेंडू त्यांनी हळूच खाली ठेवला. नंतर मला सांगितलं की त्या काळपट हिरव्या थराला नाणेवाले जपतात. बाबा त्याला साय म्हणतात. सतराशे-अठराशे वर्षांत धरलेली साय. तिच्यातच अक्षरं आणि नाक-डोळे शिल्लक असतात, ती निघाली की खाली नुसती धातूची चकती. ती मी एका सकाळी खरवडून टाकली. त्या बाप-लेकातला बाप थोडा दिसतो, पोरगं पार गेलं.

पण त्या वेळी मला यातलं काही माहीत नव्हतं. ते टॉवेलावरून एक एक नाणं उचलून पाहत होते. एक सापडलं, ते तळहातावर घेऊन माझ्याजवळ आले.

‘सिंधू, चष्मा लाव. याचं नाव वाचता येते का तुले?’

‘नाही येत.’

‘नीट पाय.’

‘नाही हो. काहीच नाही दिसत.’

‘याचंबी गेलं मंग,’ ते म्हणाले, आणि देवघरापुढे खाली बसले. ज्या माणसाला मी त्याच्या आईच्या तेरवीलाही रडताना पाहिलं नाही, तो माणूस तोंडावर पंचा धरून रडला.

याचंबी म्हणजे अजून कोणाचं? असं विचारायला मी तोंड उघडलं आणि माझं मलाच कळलं.

दामू, हे लिहायलाच मी पत्र घेतलं आणि कापूस, गुडघा, डबा असं गावभर फिरत राहिले. तुला एक मोठा भाऊ होता.

तुझ्या चार वर्षं आधी, तेल्हाऱ्याला, माझ्या माहेरी. सावळा होता. कान अगदी बाबांचे. भूक लागली की रडायचा नाही, नुसता ओठ चोखत बसायचा, असा गुणी. बारसं एका दिवसावर आलं होतं. पाळणा आणून ठेवला होता, घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातले होते. सकाळी तो दूध ओढेना. अकोल्याला नेईपर्यंत माझ्या मांडीवरच गार झाला. परत आलो तर दारातच त्या हरभऱ्याचं पातेलं. माझ्या आईने ते तसंच उचलून गुरांपुढे ओतलं.

तुझी आजी दुर्गाबाई दुसऱ्या दिवशी आल्या, त्या बारशासाठीच निघालेल्या. मला म्हणाल्या, ‘नाव नाही त्याचं सुतक नाही. रडू नको, माय. त्याचा विषय काढू नको, म्हंजे पुढचं लेकरू सुखानं येईन.’ बाई वाईट नव्हती. तिचेही दोन असेच गेले होते आणि तिलाही कोणी तरी हेच सांगितलं असणार. मी ऐकलं. दहावा नाही, तेरवी नाही, फोटो नाही. पुढे तू झालीस. मला वाटलं, मीच एकटी त्याला आठवते. तुझ्या बाबांनी कधी एका अक्षराने विषय काढला नाही, म्हणून मी समजले की पुरुष माणूस, विसरला. दोघं एकाच घरात, एकाच ताटाशी बसून इतकी वर्षं हे झाकत होतो. याला काय म्हणावं?

मग देवघरापुढेच त्यांनी मला सगळं सांगितलं. नदीकाठी त्याला नेला तो बाबांनी, स्वतःच्या हातांवर, पंच्यात गुंडाळून. खड्डा खणणाऱ्या माणसाने माती लोटायच्या आधी सहज विचारलं, ‘गुरुजी, नाव काय होतं लेकराचं?’ आणि गुरुजींना उत्तर देता आलं नाही. नाव त्यांनी मनात ठरवलं होतं, पण ते आत्याने कानात सांगेपर्यंत बोलायचं नसतं. म्हणून मलाही सांगितलेलं नव्हतं. माणसाने माती लोटली.

त्यानंतर वर्षाच्या आत ते कसल्याशा शिबिराला नागपूरला गेले होते. तिथे जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. एका दुकानदाराने त्यांना एक नाणं दाखवलं. क्विंटिलस नावाचा बादशहा. भाऊ मेला म्हणून गादीवर आला. कोणी म्हणतात सतरा दिवस टिकला, कोणी म्हणतात थोडा जास्त. पण गादीवर बसल्याबरोबर टांकसाळीत त्याचा चेहरा आणि त्याचं नाव ठोकलं गेलं, तेवढं राहिलं. दुकानदार हसून म्हणाला, याला कोण विचारते, गुरुजी! बाबांनी तेच घेतलं. ‘सतरा दिवसाच्या माणसाचं नाव दुनियेनं आतापर्यंत ठेवलं, सिंधू,’ लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते मला म्हणाले, ‘आपल्याच्यानं एक नाही ठेवल्या गेलं.’

तेच नाणं मी चिंचेत घातलं होतं.

मी तेव्हाच विचारलं, काय ठरवलं होतं नाव? मग म्हणाले, ‘अमोल.’

दवाखान्यात तू ‘तुमी सांगा ना याले’ म्हणालीस, तेव्हा त्यांच्यापुढे तो नदीवरचा माणूस उभा राहिला. ‘तोंडातून आवाजच निघेना. अन् दुसऱ्यांदा कसं नेऊ मी लेकरू हातावर?’ हे ते म्हणतात. मी त्यांची वकिली करत नाही, दामू. मी त्यांना तोंडावर म्हटलं, ‘तुमाले दुःख झालं म्हणून पोरीनं एकटीनं भोगावं काय? तिच्या मागं उभं कोण राहीन?’ चुकलंच त्यांचं. जायला पाहिजे होतं. हे ते स्वतःही म्हणतात, पण तुझ्यापुढे म्हणायची हिंमत नाही. चाळीस पोरांच्या वर्गाला जरबेत ठेवणारा माणूस, आणि स्वतःच्या लेकीचा नंबर काढतो आणि फोन तसाच खाली ठेवतो.

आणि एक गोष्ट. त्या दिवशी ते पेटी उघडून नाणी पुसत नव्हते. आपण घरी यायच्या आधीच त्यांनी मोबाईलवरून एक नाणं मागवलं होतं, परदेशातून. सगळ्या नाण्यांना सरकवून ते पेटीत तुझ्या लेकीच्या नाण्यासाठी जागा करत होते. तू आणि मी दारात उभ्या राहून पाहिलं आणि उलटंच समजलो. त्यांनीही तोंड उघडून सांगितलं नाही. सांगतील तर ते तुझे बाबा कसले!

गुरुवारी भाऊबीज झाली. तुला भाऊ नाही म्हणून तू दरवर्षी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायचीस. लहान होतीस तेव्हा विचारायचीस, आई, चंद्र मले ओवाळणी काय देईन गं? आणि बाबा नेमके त्याच वेळी खाली जायचे. कधी नळ चालू राहिला म्हणून, कधी फाटक लावायचं म्हणून. मला त्यांचा राग यायचा. पोर ओवाळते आहे, दोन मिनिटं उभं राहायला काय जातं?

यंदा तू नव्हतीस. दिवेलागणीला मी स्वयंपाकघरात होते. पाहते तर देवघरातलं निरांजन नाही. वर गेले. बाबा निरांजन घेऊन कठड्यापाशी उभे. कोर अगदी बारीक, विजेच्या तारांच्या वर. ओवाळायचं कसं ते पुरुषाला कुठून येणार, नुसतं धरून उभे होते. मग शाळेत हजेरी घेतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, ‘अमोल!’

शेजारच्या गॅलरीतून वच्छलाबाई म्हणाल्या, ‘कोणाले हाका मारून राहिले, गुरुजी?’

बाबा म्हणाले, ‘आमच्या पोराले.’

माझ्या लेकराला नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि भोकाड पसरून रडले. दुर्गाबाईंनी नको म्हटलेलं सगळं रडून घेतलं. वच्छलाबाई घाबरून नव्या गुडघ्याने धावत आल्या. त्यांना चहा करून दिला आणि सगळं सांगितलं. आता कोणापासून लपवायचं नाही.

तू काचेपाशी उभी राहून तुझ्या लेकीला हाक मारायचीस. अगदी हळू, ओठांतल्या ओठांत. तुला वाटायचं कोणी ऐकत नाही. मी ऐकायची. ऐकून न ऐकल्यासारखं करायची, कारण मला तसंच शिकवलं होतं, बारशाआधी नाव काढू नये, माया लागते. काय मूर्खपणा! माया लागायची ती लागलेलीच होती. कागदावर तिचं नाव लिहा म्हणून तू भांडलीस, तेव्हा मीही तुझ्या बाजूने एक शब्द बोलले नाही. बाबा जिना तरी उतरले, मी तिथेच उभी राहून गप्प होते. तुझा राग वाटायचाच असेल तर माझा वाटा मला दे.

पत्रास कारण आता सांगते. बाबांना मूर्तिजापूरला जायचं आहे, त्या लिंबाखाली. एकटं नाही, तुझ्यासोबत. ते तुमच्या-आमच्या मधलंच गाव आहे. तू अद्वैतरावांसोबत अकोल्याहून ये, आम्ही बडनेऱ्याहून गाडीत बसतो. शनिवारी सकाळी स्टेशनवर थांबू, तू येईपर्यंत. तिथे उभं राहून त्यांना तिचं नाव मोठ्याने घ्यायचं आहे. पण ते म्हणतात, नाव ठेवायचा मान तिच्या आईचा. दामिनीनं सांगितलं तरच मी घेईन.

ते नाणंही आलं आहे, दिवाळी झाल्यावर. फ्लोरिअनस म्हणून आहे, यालाही तीन महिने पुरले नाहीत. साय शाबूत आहे, चेहरा स्पष्ट, नाव सगळं वाचता येतं. मी हात लावलेला नाही, तुझी शप्पथ. ते तुझ्या हातात द्यायचं म्हणतात. नको वाटलं तर घेऊ नकोस, त्यांना राग येणार नाही. पण ये.

शुक्रवारी मी घुगऱ्यांचे हरभरे भिजत घालणार आहे. यावेळी ते गुरांपुढे ओतायचे नाहीत. शिजवून, त्याच फराळाच्या डब्यात भरून आणते. चौघं मिळून लिंबाखाली बसून खाऊ, आणि मग डबा रिकामा परत दिलास तरी मी काही म्हणणार नाही.

वाट पाहते.

अमोलची आणि दामिनीची आई,
अवनीची आजी,
सिंधू